लक्ष्मीच्या कॅलेंडरापासून आजीच्या चेहऱ्यापर्यंत

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाचट यांविषयी लिहितो. या खेपेला थोडी सवलत घेतो.

देवणी गटात लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाच्या ओसरीवर थांबलो. कोपऱ्यात त्यांची बारावीतली मुलगी आजीला दारात बसवून तिचे चित्र काढत होती. "दिवसभर हेच चाललंय, साहेब," सभासद म्हणाले. "यानं पोट भरतंय का?"

आम्ही शेतकी पदविकेवाले, चित्रातले आम्हांला काय कळणार? पण चहा येईपर्यंत पाहत बसलो आणि मग चहा निवून गेला.

मुलीची सुरुवात झाली भिंतीवरच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरापासून. मूळ चित्र राजा रविवर्म्याचे. त्रावणकोरच्या या चित्रकाराने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेथून निघालेल्या तसबिरींमुळे देवदेवता गरिबाच्या भिंतीवर आल्या. मुलीने त्या चित्रावर चौकटी आखल्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी कागदावर आखल्या आणि एकेक घर उतरवून काढले. चार-पाचदा केल्यावर हात बसला. मग त्याच थाटात तिने आजी काढली. गाल गुळगुळीत, डोळे पाणीदार, नाकात नथ, गळ्यात सर. आजीने कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "लई देखणी हाय. पर ही मी न्हाई."

मुलगी दोन दिवस जेवली नाही म्हणे. पण आजीचे बरोबर होते असे आमचे मत.

तिच्या चित्रकलेच्या सरांनी तिला मग धुरंधरांची गोष्ट सांगितली. महादेव विश्वनाथ धुरंधर हे मूळचे कोल्हापूरचे, जन्म 1867 चा. 1890 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले आणि पुढे तेथेच संचालकपदापर्यंत चढले. रविवर्म्याचे मोठे चाहते. पौराणिक चित्रे त्यांनीही पुष्कळ काढली. पण त्यांची पेन्सिल रस्त्यावरही फिरली. बाजारहाट, लग्नकार्ये, नाना जातीजमातींच्या बायका, त्यांची लुगडी नेसायची तऱ्हा, सारे त्यांनी टिपले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील 1920 च्या इंग्रजी ग्रंथात त्यांचीच चित्रे आहेत. गुरू मानला, पण डोळे आपलेच वापरले.

आता पोरीने कॅलेंडर उलटे करून ठेवले आहे. तैलरंग परवडत नाहीत म्हणून कोळशाच्या कांडीवर काम. आजीला सकाळी दारात बसवायचे, म्हणजे उजेड एकाच बाजूने येतो आणि सुरकुत्या उठून दिसतात. आधी डोळे मिचकावून फक्त काळे-पांढरे पाहायचे, मोठ्या सावल्या बोटाने चोळायच्या, डोळे-नाक सर्वांत शेवटी. पांढरे केस तर तिने खोडरबराने काढले, म्हणजे काळे पुसून पांढरे उमटवले. आम्हांला ही युक्ती फार आवडली.

आजीने चित्र पाहिले. बराच वेळ बोलली नाही. मग नाकाला हात लावून म्हणाली, "फुली राहिली."

फुली 2016 च्या दुष्काळात गेली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते साल. यांचा बोअर आटला, दुसरा घ्यायला घरातले सोने मोडले, आणि त्या बोअरलाही पाणी लागले नाही.

"काढू का फुली?" मुलीने विचारले.

"न्हाई. भोक काढ. भोक हाय की."

मुलीने कांडीचे टोक घासून बारीक केले आणि नाकपुडीवर एक ठिपका दिला. सभासद उठून बाहेर गेले. आम्ही नोंदवही उघडली, गट नंबर लिहिला, क्षेत्र लिहिले. परत आल्यावर सही करताना त्यांनी हळूच विचारले, "साहेब, हे शिकायचं म्हणलं तर किती वर्षं लागतेत? खर्च किती?"

पुढच्या फेरीला चौकशी करून येतो, असे आम्ही सांगून आलो आहोत.