दर वेळी नवे भुयार



‘रोगलाईक’ हा शब्द ऐकून आपल्यापैकी काहींना औषधाची बाटली आठवली असेल. पण इंग्रजीत ‘रोग’ म्हणजे भामटा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी याच नावाचा एक संगणकी खेळ रचला. त्याच्या वळणावर पुढे जे असंख्य खेळ निघाले, त्या कुळाचे हे नाव. सावेडीतल्या घराघरांत मोबाईलवर जे खेळ चालतात, त्यांतही या कुळातले काही सापडतील. या खेळांतले जग आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने रचले जाऊ लागले आहे. त्यात खरोखर नवे काय आणि धोक्याचे काय, एवढाच आजचा विषय.

मूळच्या ‘रोग’मध्ये चित्रे नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरे. ए पासून झेड पर्यंतचे प्रत्येक मोठे अक्षर म्हणजे एकेक राक्षस! खेळणाऱ्याने भुयारात २६ मजले खाली उतरायचे आणि एक ताईत घेऊन जिवंत वर यायचे. अटी दोन. भुयार दर वेळी नवे, आणि मेलात तर मेलात. पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ. यामागचा हेतू मोठा मजेदार होता. कोडे रचणाऱ्याला स्वतःचे कोडे सोडवण्यात गंमत उरत नाही. या दोघांना आपलाच खेळ आपल्यालाही चकित करील असा हवा होता.

आता आपली सापशिडी पाहा. तिचे जुने रूप मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे तर आपल्याच जिल्ह्यातले. त्या पटावर साप आणि शिड्या कायमच्या मांडलेल्या असतात. बदलते ते कवड्यांचे दान. साप गिळतो तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती काहीच नसते. रोगलाईक खेळाने हे उलटे केले. पट दर वेळी बदलतो, पण पाऊल कुठे टाकायचे ते खेळणारा ठरवतो. नशिबाचा भाग उरतोच. तरी मेल्यावर ‘चूक माझीच झाली’ असे त्याला वाटले पाहिजे. तसे वाटले तरच तो पुन्हा भुयारात उतरतो. हा एक अलिखित करारच म्हणायचा. ‘ॲक्शन’ प्रकारात विचाराला क्षणाचीही उसंत नसते, तिथे तर तो फारच नाजूक होतो.

यंत्र जग रचते म्हणजे काय करते? ते एक बीजसंख्या घेते आणि तिच्यावर ठरावीक गणिते करीत जाते. बीज तेच असेल तर जगही तेच निघते. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी ‘एलीट’ या खेळात अशा रीतीने ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. तेही आजच्या एका छायाचित्रालाही अपुऱ्या पडणाऱ्या स्मृतीत. गणित निर्लज्ज असते, हेही त्यांना तेव्हाच कळले. एका आकाशगंगेत एका ग्रहाचे नाव असभ्य निघाले, म्हणून ती आकाशगंगाच टाकून द्यावी लागली.

नुसते फासे टाकून मात्र भागत नाही. आपला भुईकोट किल्ला यंत्राला रचायला सांगितला, तर ते बुरूज रचील, खंदक खणील आणि पूल विसरून जाईल. डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ या २००८ च्या खेळात यावर सुंदर तोड आहे. प्रत्येक मजला चार ओळींत चार असा सोळा दालनांचा. यंत्र आधी वरून खालपर्यंत जाणारी एक वाट निश्चित करते. दालनांचे नमुने माणसाने आखलेले असतात, ते त्या वाटेभोवती बसवले जातात. उरलेल्या जागेत मग हवा तेवढा गोंधळ!

२०१६ साली मॅक्सिम गुमिन यांनी आणखी एक युक्ती मांडली. यंत्राला एवढासा नमुना दाखवायचा. कोणत्या चौकोनाशेजारी कोणता शोभतो हे ते नमुन्यावरून उचलते. मग शब्दकोडे सोडवावे तसे चालते. एक घर भरले की शेजारच्या घरांतल्या शक्यता गळत जातात. इथे नियम माणसाने सांगितले नाहीत, यंत्राने ते वेचून घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा उंबरठा तो हाच.

उंबरठ्याच्या आत काय आहे ते २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ‘ओएसिस’ने दाखवले. त्यात नकाशाच नाही. खेळाची असंख्य चित्रे पाहून शिकलेले यंत्र, खेळणाऱ्याने कळ दाबली की पुढचे चित्र कसे असावे याचा अंदाज करते आणि रंगवते. डोंगर पाहा, मागे वळा, पुन्हा पुढे पाहा. डोंगराच्या जागी दुसरेच काही! २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगल डीपमाइंडने दाखवलेल्या ‘जिनी ३’मध्ये हे विस्मरण बरेच कमी झाले, तरी तिथेही सलग खेळ काही मिनिटांपुरताच सांगितला गेला. चमत्कार खराच. पण ज्या खेळात मरण अंतिम असते, तिथे पायाखालची फरशी यंत्र विसरले म्हणून मी पडलो, तर तो करार उरला कुठे?

म्हणून यंत्राला खेळाबाहेर हाकलावे असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. तिच्या वाटेवरचे महाल, वाडे माणसांनी मांडलेले आहेत, आणि दुसऱ्यांदा खेळलात तरी ते जिथल्या तिथे असतात. एवढी मांडणी करायला मोजक्या माणसांची वर्षे खर्ची पडतात. अशा लहान चमूला उद्या यंत्राचा मोह पडला, तर दोष देववत नाही. फक्त कामाची वाटणी नीट हवी. भिंतींवरची नक्षी, गावांची नावे, वाटेत भेटणाऱ्या माणसांचे बोलणे यंत्राने खुशाल सुचवावे. वाट मात्र साध्या, तपासता येणाऱ्या नियमांनी आखावी. आणि खेळणारा आत पाऊल टाकण्यापूर्वी एका दुसऱ्या प्रोग्रॅमने तोच नकाशा शेकडो वेळा चालून पाहावा, म्हणजे खंदकावर पूल आहे की नाही ते आधीच कळते.