नोटेतली चमक आणि पेशीतले दिवे

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आजची एखादी नोट अतिनील दिव्याखाली धरली तर क्रमांकाचे आकडे आणि कागदातले बारीक तंतू चमकू लागतात. या चमकण्याला अनुस्फुरण म्हणतात. रंजकाचा रेणू अतिनील किंवा निळा प्रकाश शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतो आणि उरलेली हिरव्या, पिवळ्या किंवा लाल प्रकाशाच्या रूपात परत देतो.

जीवशास्त्रज्ञ हीच युक्ती पेशी पाहण्यासाठी वापरतात. हव्या त्या प्रथिनाला रंजक चिकटवले की सूक्ष्मदर्शीत तेवढेच उजळून दिसते. पण एकट्या रेणूचा प्रकाश फार क्षीण असतो. तो वाढवावा म्हणून दिवा प्रखर केला, तर रंजक विटतो आणि जिवंत पेशीलाही इजा होते. मग एकाच सूक्ष्म कणात शेकडो रंजक रेणू भरले तर?

इथेच खरी अडचण येते. एक सोपा प्रयोग करून पाहा. कोरडी हळद अतिनील दिव्याखाली ठेवा. ती फारशी चमकत नाही. आता चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा आणि वरचे स्वच्छ द्रावण पाहा. ते हिरवट पिवळे उजळते! (दिव्याकडे थेट पाहू नये. स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे.) द्रावणात रेणू सुटे असतात, घन पदार्थात ते एकमेकांना खेटून बसतात. अशा दाटीत ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जाते आणि वाटेत एखादी बिघडलेली जोडी भेटली की तिथे तिची उष्णता होते. शेताच्या पाटाला एकच बीळ असले, तरी सारे पाणी तिथे मुरते, तसेच हे.

थोडा हिशेब करू. कणाची चमक तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : रेणूंची संख्या, प्रत्येकाची प्रकाश शोषण्याची क्षमता आणि शोषलेल्या दर शंभर फोटॉनांपैकी किती परत मिळतात ते प्रमाण. समजा, ५०० रेणू भरले, पण दाटीमुळे हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले, तर मिळकत २५ एककांची. तेच रेणू वेगळे ठेवून ५० टक्के राखले, तर २५०. म्हणजे रंजक नुसता कोंबून भागत नाही, रेणूंमध्ये अंतर राखावे लागते.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील संशोधकांनी २०१४ साली यावर एक नामी उपाय मांडला. त्यांनी धनभारित रोडामिन रंजकाला एका मोठ्या, पाण्याचे वावडे असलेल्या ऋणभारित आयनाची जोड दिली. हा आयन दोन रंजकांमध्ये पाचरीसारखा बसतो. अशा सुमारे ४० नॅनोमीटरच्या कणात ५०० पर्यंत रेणू मावले आणि तो क्वांटम डॉटपेक्षाही तेजस्वी ठरला. तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीवर असे पावणेदोनशे कण ओळीने बसतील. कणाचे पॉलिमर शरीरात विघटन पावणाऱ्या जातीचे होते. शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठीही त्या जातीची पॉलिमरे वापरतात.

दुसरी वाट हाँगकाँगमध्ये बेन झोंग टांग यांना २००१ साली सापडली. त्यांचे रेणू सुटे असताना आपल्या 'पात्या' फिरवून ऊर्जा उधळतात. दाटीत पात्या अडकतात आणि रेणू उजळतात. इथे दाटीच उपयोगी पडते!

कण बनवण्याची रीत साधी आहे. पॉलिमर आणि रंजक अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून ते द्रावण भरपूर पाण्यात वेगाने मिसळतात. पाण्यात न विरघळणारे पॉलिमर क्षणात गोळा होऊन त्याचे कण बनतात. पॉलिमरच्या साखळीवर विद्युतभारित गट असले, तर कण एकमेकांना दूर लोटतात आणि लहान राहतात.

तरीही तेजस्वी कण म्हणजे चांगला कण, असे नाही. त्यातून रंजक झिरपला किंवा कण दिसेल त्याला चिकटला, तर सूक्ष्मदर्शीत नको तेही उजळेल आणि चित्र फसवे होईल. म्हणून कणाच्या पृष्ठभागाची रचनाही तितकीच महत्त्वाची.

वर्गात हळदीचे द्रावण दाखवाल, तेव्हा विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : रंजक दुप्पट केला, तर चमकही दुप्पट होईल का?