नवऱ्याच्या सहीपलीकडे

1884 साली अह मॉय नावाची एक चिनी तरुणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात आली. बरोबर नवरा होता. तो आधीपासून अमेरिकेत राहणारा मजूर. गावी जाऊन, लग्न करून परतला होता आणि पुन्हा प्रवेशाचा रीतसर दाखला त्याच्यापाशी होता. त्याला उतरू दिले, तिला अडवले. जिने अमेरिकेत एक दिवसही मजुरी केलेली नाही, तिला चिनी मजुरांवरची बंदी कशी लागू होते, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांचे उत्तर सरळ होते. लग्नाने बायकोला नवऱ्याचा दर्जा येतो. नवरा मजूर, म्हणून तीही मजूर. आणि मजुराला लागणारा दाखला तिच्याकडे नाही, म्हणून तिने परत जावे. अपील सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत तिची रवानगी झालेलीही होती. आता निकाल देऊन उपयोग नाही, असे म्हणून 1885 साली न्यायालयाने प्रकरण बंद केले.

अमेरिकेत संसार थाटायला निघालेल्या चिनी पत्नीची पुढची सारी कहाणी या निकालात बीजरूपाने आहे. तिला आत घ्यायचे की नाही, हे ठरवताना कायद्याने तिच्याकडे क्वचितच पाहिले. पाहिले ते नवऱ्याकडे: तो मजूर की व्यापारी, परका की नागरिक, त्याची मिळकत किती, तो सही करतो की नाही. आज तिच्या हातात ग्रीनकार्ड पडते तेव्हाही या विचाराचा बराचसा भाग शिल्लक असतो. तो कुठे गळून पडला आणि कुठे टिकून राहिला, हे शोधण्यासाठी हा लेख आहे.

सोन्याच्या डोंगराची वाट पाहणाऱ्या बायका

चिनी स्त्रियांवरची बंदी पुरुषांच्या आधी आली. 1875 चा पेज कायदा वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या स्त्रियांना रोखण्यासाठी होता. पण हाँगकाँगच्या बंदरावर त्याची अंमलबजावणी अशी झाली, की प्रत्येक चिनी स्त्रीला आधी आपले चारित्र्य सिद्ध करावे लागे. अनेकींनी तो अपमान सोसण्यापेक्षा न जाणे पत्करले. मग 1882 साली चिनी मजुरांवरच बंदी आली. पुढच्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला न्यूयॉर्कला उतरल्या. एका विवाहित हिंदू स्त्रीने नवऱ्याशिवाय केलेल्या त्या प्रवासाचे अमेरिकेने कौतुक केले. त्याच देशात चिनी मजुराच्या बायकोला नवऱ्याचा हात धरूनही येता येत नव्हते.

परिणाम आकड्यांत दिसतो. 1890 च्या सुमारास अमेरिकेतल्या चिनी वस्तीत एका स्त्रीमागे साधारण 27 पुरुष होते. हे सारे काही ब्रह्मचारी नव्हते. अनेकांची लग्ने झालेली होती. बायका ग्वांगडोंग प्रांतातल्या ताइशानसारख्या भागात सासू-सासऱ्यांपाशी राहत होत्या. अमेरिकेला तिकडे ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत आणि या स्त्रियांना सोन्याच्या डोंगरवाल्याची बायको. कोकणातल्या चाकरमान्याच्या बायकोने मनीऑर्डरीवर आणि पत्रांवर संसार ओढला, तसाच यांनीही ओढला. मात्र चाकरमानी गणपतीला घरी येत असे. या बायकांचे नवरे काही वर्षांनी एकदा येत आणि काही कधीच परतत नसत.

नवरा अमेरिकेचा नागरिक असला तरी गाठ सुटत नसे. 1855 च्या कायद्याने नागरिकाशी लग्न करणारी परदेशी स्त्री आपोआप नागरिक होई. पण जिला स्वतःला नागरिकत्व मिळू शकते तिलाच तो लागू, आणि चिनी माणसाला ते मिळतच नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क याने 1898 साली सर्वोच्च न्यायालयात ऐतिहासिक खटला जिंकला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल नागरिक असते, हे तत्त्व त्याच्या नावाने पक्के झाले. त्याचा संसार मात्र ताइशानच्या गावातच होता.

बेटावरची प्रश्नावली

1900 साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बायकोला वेगळ्या दाखल्याविना प्रवेश दिला. कारण तेच: नवऱ्याचा दर्जा तिला मिळतो. या वेळी तो तिच्या उपयोगी पडला इतकेच.

मग 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची दप्तरे जळाली. अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असे सांगून नागरिकत्व मिळवले आणि केवळ कागदोपत्री आपले असलेले मुलगे आणले. अधिकाऱ्यांचा संशय वाढला. 1910 ते 1940 या काळात पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या चिनी माणसांची चौकशी मुख्यत्वे एंजल आयलंड या बेटावर होई. नवरा-बायकोला तिथे वेगवेगळे ठेवत आणि चौकशी संपेपर्यंत भेटू देत नसत. प्रश्न असे: तुमचे घर गावातल्या कितव्या रांगेत? दाराला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठे असते? शेजारी कोण राहते, त्याला मुले किती? दोघांच्या उत्तरांत फरक पडला की संशय पक्का.

पुरुषांच्या बराकींच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता आजही पाहायला मिळतात. त्यांवर ग्रंथ निघाले आहेत. स्त्रियांना मुख्य कार्यालयाच्या इमारतीत ठेवत. ती इमारत 1940 च्या आगीत जळाली. त्या भिंतींवर स्त्रियांनी काही लिहिले असेल तर तेही गेले. या इतिहासात पत्नीचा आवाज कमी ऐकू येतो, त्याचे एक कारण असे अगदी भौतिक आहे.

25 मे 1925 हा दिवस या कहाणीतला सर्वांत विचित्र दिवस म्हणावा लागेल. आदल्या वर्षीच्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्या सर्वांना दार बंद केले होते. त्या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. चिनी व्यापाऱ्याच्या बायकोला आत घ्यावे, कारण व्यापाऱ्यांना चीनशी झालेल्या जुन्या तहाचे संरक्षण आहे. अमेरिकन नागरिकाच्या चिनी बायकोला मात्र घेऊ नये, कारण नागरिकाला तह लागू नाही. परक्याला जे मिळाले ते नागरिकाला नाकारले गेले. 1930 साली थोडी सवलत मिळाली, तीही ज्यांचे लग्न 26 मे 1924 पूर्वी झाले होते त्यांनाच.

हा न्याय उलट्या दिशेनेही चाले. 1907 च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जात असे. 1922 साली नियम सैल झाला, पण चिनी नवरा करणारीला ती सवलत नव्हती. तिला 1931 पर्यंत थांबावे लागले. स्त्रीचे स्वतःचे असे नागरिकत्व असते, ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती.

युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धात चीन अमेरिकेच्या बाजूने लढत होता. बंदी टिकवणे लाजिरवाणे झाले आणि 1943 साली ती उठली. चिनी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. वार्षिक कोटा मात्र 105 चा होता. खरा बदल केला तो पुढच्या दोन कायद्यांनी. डिसेंबर 1945 च्या कायद्याने सैनिकांच्या बायकांना दार उघडले आणि ऑगस्ट 1946 च्या कायद्याने सर्व नागरिकांच्या चिनी बायकांना कोट्याबाहेर काढले. सैनिकांच्या कायद्याखाली सुमारे 6,000 चिनी स्त्रिया आल्या. त्यांतल्या कितीतरी जणी नावापुरत्या नववधू होत्या. लग्न होऊन बरीच वर्षे लोटली होती आणि नवऱ्याचा सहवास मिळाला होता जेमतेम काही महिन्यांचा. वाट्याला आला चायनाटाउनमधल्या एका खोलीचा संसार, शिवणकामाचे कारखाने, खानावळीतली कामे.

चौकशीचा जाच संपला नव्हता. 1948 साली सॅन फ्रान्सिस्कोत अडकवून ठेवलेल्या एका चिनी पत्नीने, महिनोन्‌महिने सुटका होईना म्हणून, गळफास लावून घेतला. बरोबरच्या बायकांनी अन्न टाकून निषेध केला. कायदा उदार झाला तरी दारावरच्या माणसाचा संशय लगेच जात नाही, हे त्या मृत्यूने दाखवले. वंशावर आधारलेले कोटे जायला 1965 साल उजाडले.

आजचा मार्ग

आज चेंगडू किंवा हार्बिनची एखादी तरुणी अमेरिकन नागरिकाशी लग्न करते तेव्हा संख्येची मर्यादा तिला लागू नसते. नवरा फक्त ग्रीनकार्डधारक असेल तर मात्र तिला वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. चीनमध्ये लग्नाची नोंद झाली की दोघांना एकेक लाल पुस्तिका मिळते; आत लाल पार्श्वभूमीवरचा जोडीचा फोटो. जन्माचे, गुन्हा नसल्याचे दाखले नोटरी कार्यालयातून घ्यायचे. नवऱ्याने अर्ज भरायचा आणि आपली मिळकत सरकारी दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी आहे, अशी आर्थिक हमी लिहून द्यायची. मुलाखत ग्वांगझौच्या अमेरिकन वकिलातीत, कारण स्थलांतराच्या व्हिसाचे काम मुख्य भूमीवर तिथेच चालते.

या हमीत तिच्या बाजूची एक तरतूद आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. घटस्फोटाने ती हमी संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत हमी देणारा बांधलेला राहतो.

विमानतळावरून पुढे सुरू होते ते रोजचे जगणे. सोशल सिक्युरिटीचा क्रमांक, गाडीचे लायसन्स, बँकेचे खाते. मायदेशी डॉक्टर किंवा शिक्षिका असलेलीला परवान्याच्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. जुन्या चायनाटाउनमध्ये गेले तर आपलेपणा मिळेलच असे नाही. तिथल्या जुन्या पिढीची बोली कँटनी किंवा ताइशानी, ती उत्तरेकडच्या मुलीला कळतही नाही. कम्युनिटी कॉलेजातले इंग्रजीचे वर्ग आणि सार्वजनिक वाचनालये अशा वेळी मोठा आधार देतात. बाळंतपणाला आई पर्यटक व्हिसावर येते, महिनाभर लेकीला थंड पाण्याला हात लावू देत नाही, आणि व्हिसाची मुदत संपत आली की परत जाते.

दोन वर्षांची टांगती तलवार

कायम वास्तव्य मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर कार्ड फक्त दोन वर्षांचे मिळते. ही अट 1986 च्या, खोटी लग्ने रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने आली. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे: एकत्र बँक खाते, भाडेकरार, करविवरण, विमा, मुलांचे जन्मदाखले. अर्जच केला नाही तर दर्जा संपतो. अर्जांचा ढीग इतका, की 2023 पासून अर्ज केल्याच्या पावतीवर कार्डाची मुदत 48 महिन्यांनी वाढवली जाऊ लागली. म्हणजे दोन वर्षांच्या अटीतून सुटण्याची वाट चार वर्षे पाहावी लागू शकते.

संशय आलाच तर नवरा-बायकोला वेगळे बसवून तेच प्रश्न विचारतात: पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते, पडदे कोणत्या रंगाचे, काल रात्री काय जेवलात. एंजल आयलंडवर तांदळाची कोठी विचारत, इथे पडदे. एक फरक मात्र मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये 1976 सालच्या एका खटल्यामुळे अशा चौकशीत वकील, नोंद आणि कारण समजण्याचा हक्क मिळाला.

खोटी लग्ने होतात, आणि त्यांची छाननी करण्याचा अधिकार सरकारला आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो सहीचा. ‘सही करणार नाही, जा परत’ असे एका माणसाला दुसऱ्याला सांगता येत असेल, तर त्या घरात दोघे बरोबरीचे उरत नाहीत. मारहाण सोसणाऱ्या कितीतरी स्त्रिया या एका वाक्याला घाबरून गप्प राहिल्या. स्त्री-संघटनांनी आणि वकिलांनी हे मांडल्यावर 1990 साली मारहाण झालेल्या जोडीदाराला एकटीने अर्ज करण्याची सोय झाली. 1994 च्या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्याने तर अशा पत्नीला नवऱ्याच्या अर्जाशिवाय, त्याला न कळवता, सुरुवातीपासून स्वतःच्या नावाने मागणी करण्याचा हक्क दिला. लग्न खरे होते पण मोडले, अशा स्थितीतही एकटीचा अर्ज चालतो. अह मॉयच्या निकालाला खरे उत्तर मिळाले ते इथे, 110 वर्षांनी.

पासपोर्टाची निवड

नागरिकाबरोबर नांदणाऱ्या जोडीदाराला ग्रीनकार्डानंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांना पाच. चिनी माणसाला इथे कठीण निवड करावी लागते. चीनच्या 1980 च्या राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे परदेशात स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतले की चिनी नागरिकत्व आपोआप जाते. भारताचाही नियम तसाच. पण आपल्याकडे 2005 पासून ओसीआय कार्ड आहे. चीनने तशी आजन्म सोय ठेवलेली नाही. जन्मगावी जायलाही व्हिसा.

एक अपत्य धोरणाच्या काळात जन्मलेल्या मुलीपुढे हा पेच सर्वांत तीव्र होतो. ती आईवडिलांचे एकुलते एक मूल. त्यांना म्हातारपणी जवळ आणायचे तर नागरिक व्हावे लागते. ग्रीनकार्डधारकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिक व्हावे तर त्यांच्या गावावरचा आपला हक्क सुटतो. आणि तिचा ग्रीनकार्डाचा अर्ज अमेरिकेतच प्रलंबित असताना वडील आजारी पडले, तर आधी प्रवासाची परवानगी हवी. ती न घेता गेली तर सहसा अर्जच सोडून दिला असे धरतात.

आपल्या लेकींसाठी

हे सारे मराठी घरांना परके नाही. एच-वन-बी वर गेलेल्या नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्या मुली वर्षानुवर्षे पदव्या कपाटात ठेवून घरी बसल्या. मे 2015 पासून त्यांतल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याची ग्रीनकार्डाची मागणी एका टप्प्यापर्यंत पुढे सरकलेली असेल तरच. आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न करणाऱ्या मराठी मुलीला तेच दोन वर्षांचे कार्ड, तोच जोडीचा अर्ज आणि एकटीने अर्ज करण्याच्या त्याच वाटा लागू होतात.

चिनी स्त्रियांच्या या प्रवासातून मला एकच माप हाती लागले. कार्डावर कायम लिहिलेले असो वा नसो, जोवर तिचे राहणे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे तोवर ते तात्पुरतेच असते. मुलगी अमेरिकेत द्यायची ठरते तेव्हा आपण दागिन्यांची यादी दहादा तपासतो. त्याच काळजीने बघावे, की तिचा पासपोर्ट आणि दाखले तिच्या ताब्यात राहणार आहेत का, खात्यावर तिचे नाव आहे का, अर्जाच्या प्रती तिच्याकडे आहेत का. आणि नवऱ्याच्या सहीवाचून कोणते दरवाजे उघडतात, हे तिला निघण्यापूर्वी सांगावे. ते दरवाजे उघडून घ्यायला शंभरावर वर्षे लागली आहेत; ते माहीत नसल्याने कुणी आत कोंडून राहू नये.