हिवाळ्यात हीटर, मे महिन्यात इंजिन

डिसेंबर-जानेवारीत यावल, फैजपूर, रावेर पट्ट्यात पारा दहाच्या खाली उतरला की केळी उत्पादक रात्री बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करतात. शेतांमधल्या भरीत पार्ट्याही याच दिवसांतल्या. बामणोदच्या वांग्यांचा हंगामच तो. पार्टी आटोपून रात्री उशिरा गाडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागते, समोरची काच आतून धुरकटते, कोणीतरी हीटर लावतो. बटण लाल टोकापर्यंत फिरवलं तरी पायाशी कोमट वारा. मग गाडीतले चौघे चार निदानं करतात आणि बहुतेक वेळा चारही चुकतात.

पहिलं ठरलेलं: ‘गॅस संपला असेल, भरून घे.’ गॅस एसीचा. पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिनाभोवती फिरून साधारण 90 अंशांपर्यंत तापलेलं पाणी दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि ती हवा गरम होऊन आत येते. एवढाच हीटर. इलेक्ट्रिक गाडीचं गणित वेगळं; तिथे हीटर खरोखरच बॅटरी खातो.

‘हीटर लावला की ॲव्हरेज पडतं’ हेही त्यामुळे खोटं. इंजिन जी उष्णता एरवी रेडिएटरमधून बाहेर फेकतं, तीच हीटर वापरतो. जास्तीचा खर्च ब्लोअरच्या विजेपुरता. काचेवरची वाफ घालवायला मात्र हीटरबरोबर एसीही लावावा, कारण एसी हवा कोरडी करतो. त्याने थोडं इंधन जातं, पण काच झटकन साफ होते. बाहेरची हवा आत घेणारं बटणही चालू हवं. थंडी लागते म्हणून ते बंद करणारे आतल्या आत श्वासांची वाफच फिरवत राहतात.

खान्देशात सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज थर्मोस्टॅटचा. ‘आपल्याकडे ऊन इतकं, थर्मोस्टॅट पाहिजे कशाला? काढून टाका, गाडी थंड राहील,’ असं सांगणारे मिस्तरी आजही भेटतात. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी 80 ते 90 अंशांच्या आसपास गेलं की उघडते. ती काढली, की हिवाळ्यात पाणी तापायच्या आधीच रेडिएटरमध्ये गार होतं. इंजिन अजून थंड आहे असं समजून गाडीचा संगणक पेट्रोल जास्त सोडतो, आणि हीटर कोमटच राहतो. काही इंजिनांत तर झडप उघडताना आतली आडवाट बंद करते. झडपच नसेल तर ती आडवाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत जातं आणि मे महिन्यात गाडी उलट जास्त तापते. जुना थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो: पातेल्यात पाण्यात दोरीने टांगावा आणि पाणी तापवावं. अंगावर 82 कोरलेलं असेल तर त्याच सुमाराला तोंड हळूहळू उघडताना दिसतं. गार पाण्यातच उघडा असेल, किंवा पाणी उकळलं तरी मिटलेलाच राहिला, तर बदलायचा.

कूलंटचंही असंच. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, बोअरचं पाणी चालतं.’ बर्फ पडत नाही हे खरं, पण कूलंट गोठणं थांबवतो तसा उकळबिंदूही वाढवतो आणि गंजही रोखतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार मात्र नळ्यांत बसतात. हीटरच्या नळ्या बारीक असल्याने त्याच लवकर चोंदतात.

घरी निदान करायला फार अवजारं लागत नाहीत. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तापमानाचा काटा पाहावा. तो खालीच रेंगाळत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर. काटा ठीक असेल तर इंजिन बंद करून, चटका सांभाळून, केबिनकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपावेत. दोन्ही गरम असतील तर पाणी पोहोचतंय आणि दोष डॅशबोर्डमध्ये आहे: गरम-गार हवेची झडप अडकली असेल (आतून टकटक ऐकू आली तर तिची मोटर), नाहीतर धुळीने केबिन फिल्टर भरला असेल. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर समोरच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने निघतो. एक पाइप गरम, दुसरा गार असेल तर हीटर चोंदलाय किंवा त्याचा वॉल्व बंद आहे. कधी कधी तर कोणीतरी पूर्वीच दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बायपास केलेला आढळतो. जुनी गाडी घेणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही.

उभ्या गाडीत गार आणि रेस दिली की गरम वारा येत असेल, तर कूलंट कमी असण्याची किंवा आत हवा अडकल्याची शक्यता मोठी. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी, हीटर फुल ठेवावा, झाकण उघडून कूलंट भरावं आणि इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

‘45 अंशांत हीटर? डोकं ठिकाणावर आहे का?’ सातपुड्यात पालच्या चढाला गाडी तापली आणि कोणी हीटर फुल लावला की हे ऐकावं लागतं. पण लावणाऱ्याचं बरोबर असतं. हीटर हा इंजिनाचा दुसरा रेडिएटरच आहे. एसी बंद करून तो लावला तर काटा थोडा खाली येतो आणि गाडी सुरक्षित बाजूला घेण्याइतका वेळ मिळतो. हिवाळ्यात चोंदलेला सोडून दिलेला हीटर इथे कामाला येत नाही. काटा वर आणि हीटरमधून गार वारा, असं झालं तर पाणीच संपलेलं असू शकतं. तेव्हा इंजिन लगेच बंद करावं.

गॅरेजलाच जावं अशी खूण एकच: शेजारच्या सीटच्या पायाशी असलेली मॅट ओली, गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट थर. हीटर आतून गळतोय, आणि बहुतेक गाड्यांत तो काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोवर पाइप बायपास करून गाडी चालते. गळलेलं किंवा बदललेलं कूलंट अंगणात, गटारीत ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, वासरं ते चाटतात.