खोट्या खटक्याचा खरा धोका

दुकानाच्या फळीवर एकाच छापाची दोन खोकी शेजारी ठेवलेली असतात. रंग तोच, नाव तेच. भावात मात्र मोठी तफावत. स्वस्त खोक्यात नफा अधिक आणि ग्राहकाला भेद कळत नाही. आत दिवा असता, तर तो लवकर जळून त्याचे खोटेपण उघड झाले असते. परंतु आत आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका असेल, तर त्याचे खोटेपण एखाद्याच्या प्राणावर बेतल्यावरच कळते.

पुष्कळ कुटुंबे केवळ एम.सी.बी.वर विसंबून असतात. तो तारांचे रक्षण करतो. भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले की पडतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा अल्प प्रवाह त्याला पाडू शकत नाही. आर.सी.सी.बी. मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे, तर जमा आणि नावे जुळत नाहीत असे दिसताच तो वही बंद करतो. माणसाच्या रक्षणासाठी बसवायच्या खटक्याची मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. तेवढी गळती झाल्यास 0.3 सेकंदांच्या आत पुरवठा तुटला पाहिजे.

त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर तो बदलावा. मात्र तो पडला, एवढ्यावरून अस्सल ठरत नाही. बटणाची चाचणी विजेवर चालते. म्हणून पुरवठा बंद असताना बटण दाबताच खटका पडत असेल, तर बटण केवळ दांडी ढकलत आहे अशी शंका घ्यावी. नेमकी गळती आणि वेळ मोजणारे उपकरण जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे असते. खरी परीक्षा त्याचीच.

खटका वारंवार पडत असेल, तर दोष त्याचाच असे मानू नये. घरातील सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग खटका वर करून एकेक उपकरण जोडावे. ज्याच्या जोडणीने तो पडेल, त्यात गळती आहे. गिझर, पाण्याचा पंप, इस्त्री ही नेहमीची ठिकाणे. सर्व प्लग काढूनही खटका टिकत नसेल, तर तारांत ओल शिरलेली असते किंवा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगशी वा दुसऱ्या सर्किटशी जोडला गेलेला असतो, किंवा खटकाच सदोष असतो. कटकट नको म्हणून खटका वगळून थेट जोडणी करणे म्हणजे पहारेकऱ्याला घालवून दार उघडे ठेवणे होय. सॉकेट तापत असेल, काळवंडले असेल किंवा पिन सैल बसत असेल, तर तेही तत्काळ बदलावे.

खरेदीच्या वेळी आय.एस.आय. चिन्हावर मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल हा परवाना क्रमांक पाहावा. आर.सी.सी.बी.साठी आय.एस. 12640 आणि प्लग-सॉकेटसाठी आय.एस. 1293 ही मानके आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर परवाना क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव दिसते. ते खोक्यावरील नावाशी जुळले नाही, तर माल परत करावा आणि तक्रार त्याच ॲपवर नोंदवावी. नाव जुळले, तरी चिन्हाचीही नक्कल होते; म्हणून माल अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलानेच घ्यावा.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे: अस्सलाच्या जागी नकली वा भेसळीचा माल देणे. तेथे चोरी केवळ पैशाची होते. येथे ग्राहक ज्या सुरक्षेच्या भरवशावर मुलाला ओल्या न्हाणीघरात पाठवतो, तो भरवसाच चोरला जातो. म्हणून फळीवरील ते स्वस्त खोके विकण्यापूर्वी दुकानदाराने एवढेच ठरवावे, की तो खटका तो स्वतःच्या घरी बसवील काय. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते खोके ग्राहकाच्या हाती जाऊ नये.