छप्पर नसलेल्या शहरातली हवा

ऑगस्ट 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या एका सोयुझ यानात जेमतेम 2 मिलिमीटरचं भोक सापडलं. तेवढ्यानेही दाब उतरू लागला आणि अंतराळवीरांना ते इपॉक्सीने बुजवावं लागलं. मग लाखो माणसांच्या अंतराळ वसाहतीत हवा टिकेल कशी?

आधी बंद वसाहत पाहू. भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी 1970च्या दशकात 6.4 किलोमीटर व्यासाचं, 32 किलोमीटर लांबीचं नळकांडं सुचवलं. ते स्वतःभोवती फिरतं, म्हणून आतल्या भिंतीवर उभ्या माणसाला वजन जाणवतं. हवेलाही वजन येतं. ती भिंतीलगत दाट आणि मधल्या अक्षाकडे विरळ होते. पण फार नाही. भिंतीवर पृथ्वीइतकं वजन धरलं, तर अक्षावरची हवा साधारण कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेइतकी विरळ असेल.

भोक पडलं तर? हवा भोकातून ध्वनीच्या वेगाहून जलद निसटू शकत नाही. एक चौरस मीटरच्या भोकातून सेकंदाला सुमारे 240 किलो हवा जाईल. आत मात्र अब्जाहून अधिक टन हवा आहे. त्याच वेगाने ती संपायला दीडशे वर्षं लागतील. दुरुस्तीला सवड भरपूर.

आता छप्परच काढू. फॉरेस्ट बिशप यांनी 1997 मध्ये 1000 किलोमीटर त्रिज्येचं उघडं कडं मांडलं. हवा आतल्या पृष्ठभागावर असते आणि दोन्ही कडांना 200 किलोमीटर उंच भिंती असतात. जमिनीशी घासून हवाही कड्याबरोबर फिरते, सेकंदाला सुमारे 3 किलोमीटर वेगाने. तिचा एखादा रेणू वर उसळला, तर तो सरळ रेषेत जातो. वर्तुळाच्या आतून कुठूनही सरळ रेघ ओढा, ती परिघाला भिडतेच. तसा तो रेणूही कड्यावरच येऊन आदळतो. म्हणजे इथे वरून पळवाट नाही, आहे ती बाजूने. तिथे भिंती उभ्या आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या अब्जांश भागाइतकाच उरतो. त्यामुळे भिंत ओलांडून सांडते ती अगदी थोडी.

खरी अडचण हवेची नाहीच. एवढं मोठं कडं या वेगाने फिरवलं, तर पोलाद स्वतःच्याच ताणाने तुटेल. म्हणून बिशप यांनी कार्बन नॅनोट्यूब गृहीत धरल्या. हवा थोपवणं जमेल. तिला थोपवणारं कडं अखंड राखायला मात्र पोलादाहून कितीतरी चिवट काहीतरी हवं.