ताणलेली तार काय सांगते?

सोनार चांदीची तार बारीक कशी करतो, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून तो ती ओढतो. तार बारीक होते व लांबते. चांदी मात्र होती तेवढीच राहते. या साध्या कृतीत विजेचा एक नियम दडलेला आहे. तोच आज आम्ही उलगडणार आहोत.

तारेतून वीज वाहताना जो अडथळा होतो, त्यास रोध म्हणतात. वाट लांबली की रोध वाढतो. वाट अरुंद झाली तरीही वाढतो. समजा, तार ओढून दुप्पट लांब केली. म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्मे झाले. लांबीमुळे रोध दुप्पट, अरुंदपणामुळे पुन्हा दुप्पट, एकूण चौपट!

पण तार किंचितच ताणली आणि सोडताच ती पूर्ववत झाली, तर? ताण असेपर्यंत तेव्हाही रोध वाढतो. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ साली तांब्याच्या व लोखंडाच्या तारा ताणून हे दाखवले. दोन्ही धातूंत हा बदल सारखा नव्हता. तेव्हा केवळ आकाराचा हिशेब पुरत नाही. धातूचा अंगचा गुणही थोडा पालटतो.

हा बदल असतो केवढा? तांबे व निकेल यांच्या कॉन्स्टंटन या मिश्रधातूची १२० ओहम रोधाची तार घ्या. ती हजारांश लांबली, तर रोध सुमारे दोन हजारांश, म्हणजे ०.२४ ओहम वाढतो. तांब्याची तार नुसती अर्धा अंश सेल्सिअस तापली तरी तिचा रोध जवळजवळ याच प्रमाणात वाढतो! मग ताण कोणता आणि ऊन कोणते, हे ओळखावे कसे? म्हणून उष्णतेला फारशी न बधणारी कॉन्स्टंटनची तार निवडतात. शिवाय व्हीटस्टनच्या सेतूत तिच्या जोडीला तशीच एक न ताणलेली तार ठेवतात. ऊन दोघींना सारखेच लागते व वजा होते. उरतो तो ताण.

अशी बारीक तार वस्तूला चिकटवून ताण मोजण्याची युक्ती १९३८ साली अमेरिकेत सिमन्स व रूज यांनी स्वतंत्रपणे काढली. भूकंपात पाण्याच्या टाकीवर किती ताण येतो, हे रूज यांना पाहावयाचे होते. आज तारेऐवजी बहुधा धातूच्या वर्खाची नागमोडी पट्टी असते. पुलाची तुळई किती वाकते, विमानाचा पंख किती ताणला जातो, हे ती सांगते.

आणि वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही बहुधा तीच असते. ताटलीखालची धातूची कांब डाळीच्या भाराने डोळ्यांना न दिसण्याइतकी वाकते, रोध बदलतो आणि आकडा उमटतो. मात्र पट्टीचा चिकटा सुटला की आकडाही बिघडतो. म्हणून रिकाम्या ताटलीवर शून्य आहे ना, वैधमापन खात्याची मोहोर आहे ना, हे आपण पाहावे. तार खोटे बोलत नाही. पण ती नीट बांधली आहे की नाही, हे माणसानेच तपासावयाचे असते.